कुशाबाची राखण

कुशाबा घाडीला मी फारसा ओळखत नव्हतो. सव्वीस वर्षं त्याने आमच्या चाळीचा पाण्याचा पंप चालवला, पण त्याच्या बायकोचं नाव कमळाबाई होतं हे मला तो गेल्यावर कळलं. त्याला साखरेचं पथ्य होतं हेही माहीत नव्हतं. दर गणपतीत मी त्याच्या हातावर पेढा ठेवायचो आणि तो मुकाट्याने खायचा. अशा माणसाने त्याच्याबद्दल लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ज्यांनी त्याच्याबद्दल बोलून घेतलं, त्यांना तो अर्धा दिवससुद्धा माहीत नव्हता.

आमची चाळ काळाचौकीला. कुशाबा आधी परळच्या एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होता. मिल बंद पडल्यावर चाळीने त्याला पंपावर ठेवलं आणि जिन्याखालची पंपाची खोली राहायला दिली. बायको-मुलगा गावी, कणकवलीच्या बाजूला. चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक भाडेकरूला जागा मिळणार होती. कुशाबा भाडेकरू नव्हता. कमिटीने त्याला तोंडी शब्द दिला होता, की नव्या इमारतीत लिफ्टमन म्हणून घेऊ, राहायला खोलीही देऊ. या शब्दावर तो निर्धास्त होता.

चाळ रिकामी करायच्या आधी जागेला राखण द्यावी, असं त्याच्या मनात होतं. आमच्या कोकणात जागेचा एक राखणदार मानतात. त्याला कोंबडा आणि नारळ देऊन गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायचं आणि सोबतच्याने 'होय म्हाराजा' म्हणायचं. घाडी घराण्याकडे गावात गाऱ्हाणं घालायचा मान असतो, त्यामुळे त्याला ते आपलं कामच वाटलं. कमिटीचा सेक्रेटरी विकास म्हणाला, "काका, बिल्डर सत्यनारायण घालतोय ना? मग कोंबडं कशाला? लोक हसतील." कुशाबा पंप चालू करायला गेला. दोन दिवसांनी माझ्या दाराशी आला.

"नानांनू, रविवारी दुपारी मोकळे आसात काय? माझ्यावांगडा कोणतरी 'होय म्हाराजा' म्हणूक होयो."

मी नाही म्हणू शकलो नाही. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही.

रविवारी दुपारी एकच्या सुमारास, सगळे जेवायला बसलेले असताना, आम्ही मागच्या पिंपळाखाली गेलो. कुशाबाकडे पोत्यात कोंबडा, हातात कोयता, खांद्यावर लाल कापड. मी खोडाच्या आडोशाला उभा राहिलो. तो डोळे मिटून म्हणाला, "हे जागेवाल्या म्हाराजा, इतकी वर्सां आमका सांभाळलंस, आता ही चाळ पडतली, आम्ही पोराबाळांक घेवन जातंव. चूकभूल झाली आसात तर पोटात घाल, आणि जंय जातलंव थंय पाठीशी उभो रव रे म्हाराजा." मी म्हणालो, "होय म्हाराजा." नंतर पंपाच्या खोलीत त्याने रस्सा केला. मी दोन तुकडे खाल्ले. निघताना तो म्हणाला, "आता उद्या उजाडापर्यंत माका ह्याबद्दल बोलाचा नाय. बोललंय तर गाऱ्हाणा फुकट." ही त्यांच्या घरची रीत. गाऱ्हाणं घालणाऱ्याने गप्प राहायचं. होय म्हाराजा म्हणणाऱ्याला ते बंधन नाही.

त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रितीची आठ वर्षांची आकांक्षा खाली दूध आणायला गेली आणि परत आली नाही. तीनपर्यंत सगळी चाळ शोधत होती. चारला शेजारच्या टॉवरच्या कॅमेऱ्यातली क्लिप कोणीतरी चाळीच्या ग्रुपवर टाकली. कुशाबा, हलणारं पोतं, कोयता, लाल कापड. सहा वाजता चॅनेलची गाडी गेटवर होती.

मला सर्वात जास्त कशाचं वाईट वाटतं, तर चाळीतली निम्मी घरं आमच्याच बाजूची आहेत. दर वर्षी गावाला राखणीचे पैसे पाठवतात. हलणारं पोतं, कोयता आणि लाल कापड एकत्र दिसल्यावर काय समजायचं, हे त्यांना शिकवायला नको होतं. पण पडद्यावर 'नरबळी?' अशी अक्षरं आली आणि सगळे आपापलं गाव विसरले. दुसऱ्या मजल्यावरची मानसी माइकसमोर म्हणाली, "मला पहिल्यापासून त्याची नजर आवडायची नाही." तिच्या बाळंतपणात तिच्या पाण्याच्या कळशा महिनाभर कुशाबाने वर चढवल्या होत्या.

पोलीस आले. "पोत्यात काय होतं?" एकच प्रश्न. कुशाबा हात जोडून म्हणाला, "सायबानू, उद्या सकाळी सांगतंय."

"उद्या? पोरगी आज गेलीय!" कोणीतरी ओरडलं. मागून एक चप्पल आली ती त्याच्या कानावर लागली. प्रिती त्याच्या पायाशी बसून म्हणत होती, "काका, फक्त कुठे आहे ते सांगा हो." तिचं मी काय चुकीचं म्हणू? कुशाबा रडत होता, पण बोलला नाही. त्याच्या हिशेबात त्या गाऱ्हाण्यातल्या पोराबाळांत आकांक्षाही होती; बोललं तर तिचीही राखण फुकट.

पोलिसांना पंपाच्या खोलीत बादलीभर पिसं सापडली होती. हवालदाराला कोंबडा तेव्हाच कळला असावा. पण बाहेर गर्दी एवढी, की याला गाडीत घालून नेणंच बरं, असं तो म्हणाला. गाडी गेल्यावर चॅनेलवाले खोलीत शिरले. त्यांना एक गुलाबी फ्रॉक सापडला. नातीसाठी, श्रेयासाठी घेतलेला, दुकानाच्या पिशवीत, किमतीच्या चिठ्ठीसकट. पडद्यावर त्या फ्रॉकभोवती लाल गोल आला. चिठ्ठी गोलाच्या बाहेर होती.

दुसरा लाल गोल माझ्या कोपराभोवती होता. क्लिपमध्ये खोडाआडून माझी बाही दिसत होती. 'हा दुसरा कोण?' असं तो निवेदक पुन्हा पुन्हा विचारत होता. मी घरी जाऊन शर्ट बदलला. तो निळ्या रेघांचा शर्ट ट्रंकेच्या तळाला घातला. पुन्हा खाली आलो, कारण न येणं संशयास्पद दिसलं असतं. वार्ताहर मुलीने माइक माझ्यापुढे धरला. "आजोबा, तुम्ही ओळखता यांना?"

"फारसं नाही," मी म्हणालो.

एक वाक्य पुरलं असतं. कोंबडा होता, मी खाल्ला, एवढंच.

सकाळी सातला आकांक्षाच्या बापाचा फोन आला. वेगळा राहतो तो. मुलीला नाक्यावरून मोटारसायकलवर बसवून कर्जतला घेऊन गेला होता. बायकोला धडा शिकवायला रात्रभर फोन बंद ठेवला होता. चॅनेलवर खाली एक ओळ सरकत गेली, 'काळाचौकीतील मुलगी सुखरूप.' कुशाबाचं नाव त्यात नव्हतं. नरबळीच्या वेळी ते सकाळपर्यंत होतं, 'घाडी म्हणजे मांत्रिक का?' अशी आडनावावर वेगळी चर्चासुद्धा झाली होती.

कुशाबा त्या दिवशी दुपारी परत आला. उजाडल्यावर त्याने ठाण्यात सगळं सांगितलं होतं. फक्त 'होय म्हाराजा' कोण म्हणालं, ते नाव त्याने सांगितलं नाही. कुणी फारसं विचारलंही नाही.

आठवड्याने कमिटीची सभा झाली. मी सभासद आहे. गेलो नाही, गुडघा दुखत होता. खरंच दुखत होता. विकास घरी येऊन सांगून गेला.

"नाना, लिफ्टमन एजन्सीचा घेतोय. सिक्युरिटीच्या दृष्टीने बरं पडतं."

"पण कुशाबाने काही केलं नव्हतं."

"अहो मला माहितीये ना! सगळ्यांनाच माहितीये. पण लोकांच्या डोक्यात बसलंय. क्लिप अजून फिरतेय. नवीन फ्लॅट घेणारे विचारतात, हाच का तो? काय सांगू?"

मी त्याच्यासाठी चहा टाकला. चहा घेऊन तो गेला.

महिनाअखेरीला कुशाबा गावी निघाला. पोहोचवायला मी एकटाच लालबागच्या थांब्यावर गेलो. यंदा मार्गशीर्षात तो गावीच वारला. मुलाने विकासला कळवलं, विकासने ग्रुपवर टाकलं. खाली हात जोडलेली पंचेचाळीस चित्रं आली. त्यात माझंही आहे.

थांब्यावर त्या दिवशी मी बरंच काही बोलायचं ठरवून गेलो होतो. बस लागली, तो चढला. मी खालून विचारलं,

"खिडकी मिळाली का रे?"

"मिळाली. पण ऊन ह्याच बाजूक येतला."

"मग पडदा ओढून घे."

"होय, ओढतंय. तुम्ही सावलीत जावा, नानांनू."