कुलूपवाल्याला कोंडायचं कसं?

आमच्या आजोबांना घरात कोंडून ठेवायचा पहिला प्रयत्न बाबांनी केला. तो चहा निवेपर्यंतसुद्धा टिकला नाही.

आजोबांनी उभा जन्म कुलपं दुरुस्त केली. बाजाराच्या कोपऱ्यावर कपाटाएवढं दुकान, त्यात ते, त्यांच्या कानशी आणि भिंतभर लटकणाऱ्या किल्ल्या. आता दुकान नाही. सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही. आई त्यांना कधी सून वाटते, कधी गिऱ्हाईक. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं, पण ते आजोबांच्या हातांना कोण सांगणार? बाबांनी दाराच्या कडीला आतून कुलूप घातलं, आजोबांनी आईच्या केसांतला आकडा मागून घेतला, आणि स्वारी रस्त्यावर. कुलूप टेबलावर नीट ठेवलेलं. वर तेल घातलेलं!

प्रश्न बाहेर जाण्याचा नव्हता, परत येण्याचा होता. जाताना ते ऐटीत जायचे आणि येताना रस्ता विसरायचे. कधी भाजीवाली आणून सोडायची, कधी इस्त्रीवाला. आई घरीच शिवणकाम करते. तिचं मशीन सुरू झालं की घरातून हत्ती गेला तरी कळत नाही.

बाबांनी दुसरं, महागडं कुलूप आणलं. संध्याकाळी आजोबांनी ते उघडून आईच्या हातात ठेवलं.

"बाई, फसवलं तुम्हाला. दिसायला पैलवान, आत नुसता भुसा. कुणी आणलं?"

"तुमच्याच लेकानं, मामंजी."

"लहानपणापासून असाच आहे तो. चकचकीत दिसलं की भुलतो."

बाबा पेपरच्या मागे गेले.

मग दातांच्या डॉक्टरांचं प्रकरण झालं. त्यांचा दवाखाना आमच्या खालीच. एके सकाळी डॉक्टरांना उशीर झाला. बाहेर गाल धरून चार माणसं उभी. आजोबा जिना उतरले, गाल बघितले, दार बघितलं, आणि उघडून दिलं. नुसतं उघडलं नाही, सगळ्यांना आत बसवलं, पंखा लावला. एका आजीबाईंना तर थेट त्या मोठ्या खुर्चीत आडवं केलं. डॉक्टर आले तेव्हा आजोबा दाराशी उभे.

"या, या. तुमचा नंबर पाचवा."

डॉक्टर तणतणत वर आले. "आज दवाखाना उघडला, उद्या कुणाचं घर उघडतील! यांना कोंडा, नाहीतर मी पोलिसांत जातो."

बाबा घाबरले. संध्याकाळी येताना त्यांनी कोयंडा आणला, दाराच्या बाहेरच्या बाजूला ठोकायचा.

"बाहेरून लावू. तिथं त्यांचा हात पोचणार नाही."

"बाहेरून कुलूप सामानाला लावतात," आई म्हणाली. "आणि मी आत असताना मलाही कोंडणार का?"

"मग तू सांग काय करायचं! हरवले म्हणजे?"

"त्यांनाच विचारते."

"त्यांना? अगं, त्यांना आज वार कोणता ते माहीत नाही!"

"वार कुठे विचारतेय? दाराचं विचारतेय."

आजोबा खिडकीशी बसले होते. आई समोर स्टूल घेऊन बसली आणि काही आडपडदा न ठेवता म्हणाली, "मामंजी, तुम्ही बाहेर जाता आणि वाट चुकता. मशीनच्या आवाजात तुम्ही गेलेलं मला कळत नाही. जीव टांगणीला लागतो. काय करू?"

आजोबांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, आता रडतात. मग त्यांनी विचारलं, "मी जाऊ नये असं आहे, की मी गेलेलं तुला कळावं असं आहे?"

"कळावं."

"मग कुलूप कशाला आणताय, शहाण्यांनो? घंटा आणा. दुकानाच्या दाराला असते तशी."

दुसऱ्या दिवशी पितळी घंटा आली. आई स्टुलावर, आजोबा खाली.

"स्क्रू सरळ धर. सरळ! तिरका गेला की लाकूड फाटतं. कधी हत्यार धरलं नाहीस का?"

"सुई धरते."

"मग ह्यालाही सुईच समज. हां, आता फिरव."

दार उघडलं, घंटा खणखणली. पुढचा तासभर आजोबा दार उघडत होते आणि मिटत होते. प्रत्येक वेळी आई मशीन सोडून धावत यायची आणि आजोबा उंबऱ्याच्या आतच उभे राहून हसायचे.

"बघत होतो, येतेस का."

"आता खरंच जायचं असेल तेव्हाच वाजवा हं!"

चौथ्या दिवशी ते खरंच निघाले. घंटा वाजली तशी आईनं टेप गळ्यातच ठेवून चपला घातल्या. थांबवलं नाही, कुठे निघालात म्हणून विचारलं नाही. मीही मागोमाग गेले. पुढे आजोबा, दोन पावलं मागे आम्ही. दवाखान्याशी ते थबकले, दाराच्या कुलपाकडे वळले. आई नुसती खोकली.

"बघतोय फक्त," आजोबा म्हणाले आणि हात पाठीमागे बांधून पुढे गेले.

जुन्या दुकानाच्या शेजारच्या चहावाल्यानं त्यांना लांबूनच हाक मारली. आईकडे बघून विचारलं, "ह्या कोण म्हणायच्या, उस्ताद?"

आजोबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सून आज सापडत नव्हती, गिऱ्हाईकही वाटेना.

"हाताखाली ठेवलीय," ते म्हणाले. "स्क्रू तिरका लावते. पण विचारून काम करते, टिकेल. तिला चहा दे, माझ्याआधी."