काचेतली गल्ली

शुक्रवार पेठेतले आमचे फोटोग्राफर दिवसा लग्नांचे फोटो काढत आणि रात्री झोपलेल्या गल्ल्यांचे. अंधारातही फोटो उमटावा म्हणून लेन्स बराच वेळ उघडी ठेवत. सायकलचा दिवा आला की लेन्ससमोर आपली काळी टोपी धरून गल्लीला म्हणत, "थांब गं बाई, जरा."

त्यांच्या दुकानाच्या काचेत झळकायचंच म्हणून एकदा रात्री मी शाळेत शिकवताना घालायचा इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर येरझाऱ्या घातल्या. फोटोत ओट्यांवर झोपलेले विणकर होते, उशाचे तांबे होते, दगडांतल्या भेगासुद्धा होत्या. मी तेवढा नव्हतो.

फोटोग्राफर म्हणाले, "मास्तर, तुमी लई हलता की. हलणारा उमटत न्हाय."

पुढच्या वेळी मी विणकरांशेजारी निमूट आडवा झालो आणि खरंच झोपलो. आता काचेत मी आहे. तोंड उघडं, आणि भोवती गाभाऱ्यासारखी शांत, कधीच न पाहिलेली माझी गल्ली.