गोजरबाईंचे मीठ

जाफराबादजवळच्या मेंढपाळ वस्तीवर गोजरबाईंची ओळख ‘संतापी बाई’ एवढीच उरली आहे. त्या संतापाचे कारण मात्र कोणी नोंदवलेले नाही.

१९४१ च्या उन्हाळ्यात वस्तीसाठी सरकारी विहीर खणली जात होती. काळ्या खडकाखाली राखाडी, मऊ दगडाचा थर लागला. त्यात गोगलगायींचे शंख होते. लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या दीर्घ काळात येथे तळे असावे, हे पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने ओळखले. ते गोडे होते की खारे, हा प्रश्न उरला. खारे ठरल्यास विहिरीचे पाणीही खारटच निघेल, असे त्याचे मत होते. त्याने थरातले दगड मागवले, कुटून शुद्ध पाण्यात भिजवले आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी दुधाळ झाले. म्हणजे मीठ. त्याने काम थांबवले.

दगड अधिकाऱ्याच्या तंबूपर्यंत नेले होते गोजरबाईंचे दीर धुळाजी यांनी. भुईच्या पोटातून निघालेली वस्तू परक्या हाती देण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून तिचा दोष काढायचा, हा वस्तीचा रिवाज. गोजरबाईंनी या दगडांबाबतही तो नेमाने पाळला होता. धुळाजींना हे ठाऊक होते. पाणी दुधाळ होताना ते समोर उभे होते आणि गप्प राहिले.

“बोलले का न्हाई, भाऊजी?”

“काय बोलू, वैनी? सायब हसले असते. म्हणले असते, हे लोक दगडाची बी नजर काढून राह्यलेत.”

“हसू द्यायचं व्हतं. माझी पोटुशी सून नदीतले झरे उपसून राह्यली. तिला जाऊन सांगा, मला लाज वाटली म्हणून.”

“मंग आता?”

“आता पहार उचला. अन् ह्या बारीला मिठाच्या पाण्यानं हात बी धुऊ नका.”

खडकाचे रसायन वाचताना तो खडक कोणाच्या हातांतून आला, हेही वाचावे लागते. अधिकाऱ्याने ते विचारले नव्हते. धुळाजींनी सांगितले नव्हते. गोजरबाईंचा राग दोघांवरही होता, आणि तो न्याय्य होता.

ताजा दगड घेऊन त्या तंबूत शिरल्या. “सायब, मीठ माझं हाय. तळ्याचं न्हाई.”

“बाई, माझी राय तर लिहून हैदराबादला गेली.”

“मंग दुसरी धाडा. पण आधी हे कुटा.”

त्याने कुटले. या वेळी पाणी निवळच राहिले. तळे गोडे होते. अधिकारी हसून म्हणाला, “बाई, तुम्ही तर जाफराबादेत समुद्र आणला होता.”

“काम कवा चालू?” त्या हसल्या नाहीत.

“होईल जल्दीच.”

“जल्दी म्हंजी कवा?”

त्याने नवा हुकूम लिहून सही करेपर्यंत गोजरबाई तंबूच्या दारातून हलल्या नाहीत. धुळाजी सावलीसाठी आत येऊ लागले, तेव्हा त्यांनी मान न वळवता सांगितले, “तुम्ही उन्हातच थांबा.”