समासातले शेरे

माझी नोकरी पुण्यात, खराडीतल्या एका आयटी कंपनीत आहे. चहाला उठतानाही लॅपटॉप लॉक करायचा, हा तिथला नियम मी इतकी वर्षं पाळतोय की घरीसुद्धा हात आपोआप त्या बटणाकडे जातो. परदेशातल्या ज्या माणसांची माहिती आमच्याकडे असते त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्यांचा एक फोन नंबरही बाहेर जाऊ नये म्हणून दरवर्षी परीक्षा देतो आणि चांगल्या गुणांनी पास होतो. हे आधी सांगतो, कारण पुढे जे केलं ते न कळत केलं असं म्हणायची सोय मला नाही.

रविवारी सकाळी मी नारायण पेठेतल्या एका वधू-वर सूचक मंडळात काम करतो. पहिल्या मजल्यावर एक खोली, तीन टेबलं, दोन लोखंडी कपाटं. मंडळ चालवतात एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात. नोंदणी करताना सर पालकांशी भरपूर बोलत आणि पालक गेले की फॉर्मच्या समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहीत. 'मुलगी शांत.' 'वडील फार बोलतात.' 'घटस्फोट, चूक सासरची.' हे शेरे फक्त कार्यकर्त्यांसाठी असत. कोणाला कोणाचं स्थळ सुचवावं याचा अंदाज त्यावरून यायचा, आणि कितीतरी लग्नं त्या शेऱ्यांमुळे जुळलीही.

इमारतीच्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा कपाटं हलवायची वेळ आली. मी म्हणालो, सगळे फॉर्म ऑनलाइन तक्त्यात चढवतो. दिवाळीची सुट्टी त्यात घातली. जन्मवेळ, नाडी, उंची, पगार, अपेक्षा, सगळं भरून झालं. राहिला समासातला मजकूर. तो सोडला तर काम अर्धवट राहील असं वाटलं, म्हणून 'शेरा' असा आणखी एक रकाना काढला आणि सरांचा शब्द न् शब्द टाइप केला. पुसट अक्षरं भिंग घेऊन वाचली. मग ज्येष्ठ कार्यकर्त्यांना पासवर्डची कटकट नको म्हणून लिंक असेल त्या कोणालाही तक्ता उघडेल अशी व्यवस्था केली. त्यांच्यापैकी कोणीतरी ती लिंक एका पालकांना पाठवली, आणि पालकांनी पुढे.

चार-पाच महिन्यांनी एका रविवारी ती आली. चौतिशीची, एका कॉलेजात शिकवणारी. तिने सरांसमोर फोन ठेवला. त्यात आमच्या तक्त्याचा फोटो होता, तिच्या नावाची ओळ कोणीतरी पिवळी केलेली. लहानपणी तिला एक आजार होता. कोणता ते मी लिहिणार नाही. तो पूर्ण बरा होऊनही खूप वर्षं झाली होती. नोंदणीच्या वेळी तिच्या आईने विश्वासाने सरांच्या कानावर घातला होता. ज्या मुलाला ती दोनदा भेटली होती त्याच्या मावशीकडे हा फोटो पोचला आणि तिकडून नकार आला.

"हे टाइप कोणी केलं?" तिने विचारलं.

सर गोंधळले. चौकशी करतो म्हणाले. काम कोणाचं हे त्यांना माहीत होतं, पण माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शेजारच्या टेबलावर फॉर्मच्या गठ्ठ्याला दोरी बांधत राहिलो. ती जिना उतरून गेली तरी मी मान वर केली नाही.

तक्ता त्याच दुपारी बंद केला. म्हणजे चूक कळली होती, फक्त तोंड उघडत नव्हतं. बुधवारी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी तिला फोन करा, मला काय सांगताय. गुरुवारी केला. मीच तो, असं सांगून मी माफी मागू लागलो, तर तिने मला अडवलं.

"माफी राहू दे. तो तक्ता कुणाकुणाकडे आहे ते शोधा. मला यादी हवीय."

पुढचे सात-आठ रविवार आम्ही दोघं मंडळाच्या खोलीत बसून फोन करत होतो. ती ऐकायची, मी बोलायचो. प्रत्येकाला आधी सांगायचो की हा तक्ता मी केलाय आणि तो करायला नको होता. बरेच जण समजूतदार होते. काहींनी फोन आपटला. सदाशिव पेठेतल्या एक बाई म्हणाल्या, "डिलीट केलं हो. पण त्या अमक्यांचे वडील फार बोलतात हे आता विसरू कशी? ते माझे व्याही झालेत." त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. मी हसलो नाही, तसा माझा हक्क नव्हता. सगळ्या प्रती पुसल्या गेल्या असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या फोनांमधून आणखी एक गोष्ट कळली. इतर मंडळांतही असेच तक्ते, असेच उघडे. तिच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. त्यांच्या मदतीने आम्ही एकपानी फॉर्म तयार केला. कोणती माहिती द्यायची, ती कोणाला दाखवायची, लग्न ठरल्यावर कधी पुसायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि सही करायची. शेऱ्याला जागाच नाही.

सरांना ते पटेना. लग्नाचा मामला आहे, म्हणाले, काही लपवलं तर उद्या लोक आपल्यालाच फसवणूक म्हणतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. मी उत्तर शोधत असताना तीच बोलली.

"सर, मी लपवत नव्हते. तिसऱ्या भेटीत सांगणार होते. सांगणं माझं होतं."

पुढच्या रविवारी आलो तर सर खोडरबर घेऊन पहिल्या कपाटासमोर बसलेले. "पंचवीस वर्षांचं निरीक्षण खोडतोय, जरा पंखा कमी करा," म्हणाले.

तेव्हापासून आम्ही इतर मंडळांत जातो. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. सतरंजीवर दहा-पंधरा माणसं असतात. मी उभा राहून माझी चूक सांगतो, मग वकीलबाई कायदा सांगतात. ती मागे बसते, आणि ती कोण हे कोणाला सांगायचं नाही असं तिने ठरवलंय. पहिल्या वेळी माझा आवाज कापत होता. आता कापत नाही, याचंही कधीकधी वाईट वाटतं. पण आतापर्यंत चार मंडळांनी नवा फॉर्म घेतलाय.

गेल्या महिन्यात शनिवार पेठेत एका मंडळाच्या चिटणिसांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण त्या मुलीला नेमकं होतं काय?"

"ते माझ्याकडून कळणार नाही," मी म्हणालो. मग चिटणीसच म्हणाले, बरोबर आहे, चुकलो. त्यांनी फॉर्मचे दोन गठ्ठे मागून घेतले.

परत निघालो तेव्हा ती माझ्याबरोबर चालत होती. चौकातल्या सिग्नलला थांबलो असताना, समोर बघतच म्हणाली, "मी एकाला सांगितलं. पहिल्याच भेटीत. स्वतःहून."

तो कोण, काय म्हणाला, पुढे काय ठरलं, सगळे प्रश्न माझ्या जिभेवर आले. मी काही विचारलं नाही. सिग्नल सुटला. तिने पर्स खांद्यावर नीट केली आणि पुढच्या रविवारी दहाला जायचं की अकराला, एवढंच विचारलं. मी दहा म्हणालो.