भिंतीत चिणलेले दगड

यूसुफमामू गेल्याचं मला घरच्यांकडून नाही, आखातातल्या आमच्या गावकमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. दुबईत, अल मनखूलच्या घरी सकाळचा चहा घेत होतो. अध्यक्षांचा मेसेज होता. वर दुआची ओळ, आणि खाली, "गावच्या कब्रस्तानच्या नूतनीकरणात मरहूम यूसुफभाईंचं मोठं योगदान होतं." चहा तसाच ठेवून उठलो... दुःखानं नव्हे, रागानं. दीड महिना झाला, तो राग उतरलेला नाही.

मामू म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. शारजाच्या एका संगमरवराच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं दगड कोरला. मशीन आलं, बाकीचे मशीनवर गेले, हे छिन्नी धरून बसले. काही वर्षांपूर्वी दुबईतला एक म्हातारा इंग्रज त्यांच्याकडे फोटो घेऊन आला. त्याच्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात, उंच गवतात, त्याच्या पूर्वजांच्या जुन्या दगडी कबरी होत्या. पेटीसारख्या उंच, बाजूंवर फळांच्या माळा, शिंपले, पंखवाल्या बाळांची तोंडं. त्यातल्या एका कबरीच्या बाजूची नक्कल त्याला बागेतल्या भिंतीसाठी हवी होती. मामू म्हणाले, "माळा, शिंपले करतो. तोंडं नाही करणार, सजीवाची आकृती आम्ही कोरत नाही." इंग्रज कबूल झाला. अडीच महिने काम चाललं. दगड न्यायला आला तेव्हा तो बोलता बोलता म्हणाला, की तिथली एक कबर कलली आहे, ती सरळ करायची परवानगी दोन वर्षं झाली तरी मिळालेली नाही. मामूंनी लगेच मला फोन केला. "अरे, एक दगड सरळ करायला दोन वर्षं कागद! आणि आपल्या गावात तसलेच दगड आहेत की रे, कुणाला पत्ता नाही!" आवाजात नुसता अभिमान होता.

ते खोटं नव्हतं. आमच्या कब्रस्तानात जुने काळे दगड होते, गलबतं हाकणाऱ्या तांडेलांचे, व्यापाऱ्यांचे, त्यांच्या बायकांचे. कुणी घडवले कुणालाच ठाऊक नाही. लहानपणी मामू त्या नक्षीवरून बोट फिरवत बसायचे, त्यांची शाळा तीच.

मग कमिटीची मीटिंग झाली, शारजात, रविवारी दुपारी. कब्रस्तानला नवी भिंत, कमान, आत पेव्हर ब्लॉक. जुने दगड "क्लिअर" करायचे. मामू उभे राहिले. "भिंत बांधा, पण दगडांना हात लावू नका." अध्यक्ष हसले. "मामू, कबर साधीच असावी. नक्षीबिक्षी आपल्यात चालत नाही."

"माझी साधीच करा. मातीसुद्धा पुरे मला. पण दुसऱ्याच्या डोक्याशी चारशे पावसाळे उभा असलेला दगड फोडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "खलास करा मामू, जेवण थंड होतंय!" सगळे हसले. हात वर करायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांबरोबर माझाही हात वर गेला. मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून जेवणाआधीच निघून गेले.

पुढच्या सुट्टीत ते गावी गेले, तोवर काम उरकलं होतं. ठेकेदारानं दगड फोडून भिंतीच्या पायात भरले होते. जमिनीलगत एका ठिकाणी गिलावा करायचा राहिला होता, तिथून कोरलेल्या वेलीची तीन पानं बाहेर दिसत होती. मामू तिथेच उकिडवे बसले, म्हणे दुपारच्या अजानपर्यंत. परतल्यावर कमिटीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. आणि एके दिवशी कामावरच छातीत कळ आली.

त्यांना इथेच, शारजात दफन केलं. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "नव्या कमानीला यूसुफभाईंचं नाव देऊ या." टाळ्या पडायच्या आत मी उठलो. "ज्या भिंतीनं त्यांना मारलं तिच्यावर त्यांचं नाव? आधी पाया उकरा, दगड बाहेर काढा, मग नावाचं बोला. आणि माझाही हात वर होता तेव्हा. ते पण मिनिट्समध्ये लिहा."

"भावनेच्या भरात बोलतोयस, बस खाली."

"नाही बसत."

मला ग्रुपमधून काढलं. कमानीवर मात्र नाव चढलेलं नाही. आईनं गावातून निरोप धाडला, की माझ्या भावाचं नाव तिथे लागलं तर मी स्वतः शिडी लावून खरवडीन. सत्तरीची बाई आहे... आणि ती खरंच चढेल.

गेल्या आठवड्यात मामूंची खोली रिकामी करायला गेलो. घरमालकाचा माणूस रंगाची बादली घेऊन दारातच उभा. आत पाहिलं तर खाटेमागची अख्खी भिंत पेन्सिलीनं भरलेली. गावच्या कब्रस्तानच्या फाटकापासून किती पावलं, कुणाची कबर, कुठली नक्षी, सगळं आठवून, ओळीनं मांडलेलं. प्रत्येकाशेजारी बोटभर चित्र. "यल्ला भाई, जल्दी करो," तो माणूस म्हणाला. मी त्याला म्हटलं, "आज नहीं होगा. बादली ले जाओ." तो बडबडत गेला. मी दाराला कडी घातली, खाटेवर बसलो आणि एकेक ओळ वहीत उतरवायला लागलो. एकेचाळीस कबरी होत्या. शेवटची ओळ खालच्या कोपऱ्यात, दोनदा खोडून लिहिलेली :

"चिंचेपासून नऊ पावलं. बाईची आहे. नाव वाचता येत नव्हतं, पण कोरणाऱ्यानं फार जीव लावला होता."