माळ रिकामा नव्हता

दिवाळी झाली की आमचं घर चालायला लागायचं. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, पुढं मेंढरं आणि त्यांच्यामागं आई-आबा. निमोण्याहून निघायचे ते कोकणात. मी शाळेसाठी आत्याकडं राहायची. आई जाताना मागं वळायची नाही. वळली तर मी पळत सुटेन, हे तिला ठाऊक होतं. पुढं सगळा हिवाळा-उन्हाळा आत्याचा नवरा माझ्या ताटातल्या भाकरीकडं बघायचा. माझी धाकटी बहीण कोकणाच्या वाटेवर एका गावात तापानं गेली. दवाखाना कुठं, हे विचारायला त्या गावात ओळखीचं कुणी नव्हतं.

पावसाळ्याला ते परत यायचे. तेवढे महिने मेंढरं निमोण्याच्या माळावर चरायची, आणि तेवढेच महिने मला आई असायची. ही माळाची किंमत. ती मला पुण्यातल्या एसी खोलीत बसलेल्या माणसानं शिकवू नये.

मी शिरूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पहिली. पुढं पुण्यात एका सल्लागार कंपनीत लागले. एखाद्या कारखान्यानं झाडं लावली, पवनचक्की उभी केली, तर त्यानं हवेत जाणारा धूर किती वाचेल याचे अहवाल आम्ही करायचो. त्या अहवालावर परदेशी बँक कारखान्याला स्वस्तात कर्ज द्यायची.

आबांनी विचारलं, "म्हंजी तू करतीस काय?"

"हवा तापतीया आबा. ती कमी कशी तापवायची ते कंपन्यांना सांगतो."

"आन् कंपन्या ऐकत्यात व्हय?"

हसण्यावारी नेलं मी. पण कामावर माझा विश्वास होता. हवामान बदलतंय हे मला पुस्तकानं सांगावं लागलं नाही. दिवाळीच्या तोंडावर आलेल्या अवकाळी पावसात गारठून मेलेली कोकरं मी उचलून टाकलीत. म्हणून तर पुढचा राग इतका.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत जो तो मोगली एरंडाच्या मागं लागला होता. एरंड लावायचा, बियांचं तेल काढायचं, डिझेलमध्ये घालायचं. असाच एक प्रकल्प आमच्याकडं आला. तेलाचा कारखाना यवतजवळ, आणि एरंड निमोण्याच्या गायरानावर. पंचायतीनं माळ भाडेपट्ट्यानं द्यायचं कबूलही केलं होतं. प्रकल्पाच्या कागदांतले माळाचे फोटो चैत्रातले. पिवळा पडलेला माळ, माणूस नाही, जनावर नाही. खाली लिहिलं होतं: पडीक जमीन, कुणाच्याही वापरात नाही.

मी कंपनीतल्या माझ्या साहेबांकडं गेले. "सर, हा माळ पडीक नाही. माझे वडील तिथं मेंढरं चारतात."

"फोटोत कुठे आहेत?"

"आत्ता कोकणातून परत येतायत. पावसाळ्यात असतात."

"पावसाळ्यात तर आपण झाडं लावणार." ते हसले. "आणि मेंढ्यांनी माळ उजाड होतात, हे तू सायन्सची असून मी सांगायचं? शिकलीस ना? आता त्यातून बाहेर ये."

त्यातून म्हणजे कशातून? आईतून? डिझेलचा थेंब न जाळता कोकण गाठून परत येणाऱ्या माणसांनी पृथ्वी तापवली, आणि हे गाडीत एसी लावून ती थंड करणार!

बँकेची एक अट होती. जमीन वापरणाऱ्यांना विचारल्याशिवाय पैसे नाहीत. मग बैठक ठरली. कुठं? यवतला, हायवेवरच्या हॉटेलच्या हॉलात. पुण्याहून गाडी नीट येते, जेवण बरं मिळतं. निमोण्याच्या माणसानं भीमा ओलांडून यायचं. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली तेव्हा ज्यांना विचारायचं ते घाट चढत होते.

मी चौकशी केली. आबांचा कळप यवतजवळच्या खुटबावला एका बागायतदाराच्या वावरात बसला होता. आमच्याकडं ही जुनी रीत. पीक निघालं की शेतकरी मेंढरं वावरात बसवून घेतो, लेंडी-मुताचं खत होतं, धनगराला धान्य मिळतं. मी एसटीनं गेले.

आबा वाघर ताणत होते, मेंढरांभोवतीची जाळी. सगळं ऐकून म्हणाले, "आपल्याला कोण इचारतंय पोरी? दुसरा माळ बघू."

"कुठला?"

आबांनी जाळीची पुढची मेख ठोकली.

वावराचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, बांधावर चहा घेऊन आले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "थांब. माळ गेला तर पुढच्या साली कळप यायचा न्हाई?"

"पावसाळ्यात जगला तर येईल ना, मामा."

"मग ह्यो माझाबी माळ हाय की!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आबा आणि आमचे भाऊबंद यवतला आले. वेटरनं काठ्या बाहेर ठेवायला लावल्या. निमोण्याचे पंचायत सदस्य आप्पा आधीच येऊन बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "आले बघा. पनीरचा वास लागला वाटतं."

"वास आधी तुमाला लागला, आप्पा," आबा म्हणाले. "आमी तुमच्या मागनं."

साहेबांनी पडद्यावर झाडं दाखवली. आबांनी हात वर केला. "ह्ये झाड मेंढरू खातं का?"

"नाही ना! तोच फायदा. जनावर तोंडही लावत नाही."

"जनावर तोंड लावत न्हाई असलं झाड, आन् त्ये जनावराच्याच माळावर?"

सदस्य उठले. "ह्यांचं काय, आज हितं उद्या तिथं. ह्यांची कसली जमीन?"

तेव्हा मामा उभे राहिले. "आप्पा, तुमच्या कांद्याच्या वावरात मेंढरं कोण बसवतं? माळ एरंडाला दिला, तर उन्हाळ्यात वावरात बसणार कोण? ह्ये साहेब बसणार व्हय?"

हॉल हसला. मग कारखान्याचं ऐकून आलेले दौंडकडचे बागायतदारही बोलायला लागले; त्यांच्याही वावरात मेंढरं बसायची.

बँकेसाठी बैठकीचा अहवाल मी लिहीत होते. साहेब इंग्रजीत माझ्या कानाशी म्हणाले, लिही, शंकांचं समाधान झालं.

मी मराठीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "सर, झालं तसंच लिहीन. माझ्या वडिलांनी विरोध केला, हेही लिहीन."

गाडीत त्यांनी विचारलं, "नोकरी हवी आहे ना?"

"हवीय. माळही हवाय."

त्यांनी नमतं घेतलं, मी लिहिलं तसंच राहू दिलं, ते लाज वाटून नाही. बँकेचा माणूस उद्या याच लोकांना भेटला तर सगळंच अडकेल, हा हिशोब होता. श्रावणात माळाची पाहणी पुन्हा झाली, तीही मेंढरांच्या मधून चालत.

माफी कुणी मागितली नाही. उलट कंपनीच्या पुढच्या गुळगुळीत पुस्तिकेत आबांचा फोटो छापला, खाली "समाधानी ग्रामस्थ". तो फोटो आबा ओरडून बोलत होते तेव्हाचा आहे. माळाच्या फक्त खालच्या उतारावर एरंड लागला, आणि एकदा फोटो निघाल्यावर त्याला पाणी घालायलाही कुणी फिरकलं नाही.

माळाचा वरचा भाग आणि मेंढरं पाण्याला न्यायची तळ्याची वाट प्रकल्पातून निघाली. पंचायतीच्या ठरावात ती जमीन चराईसाठी राहिली. आबांची मेंढरं त्या पावसाळ्यात तिथंच चरली.