गाण्यात मेलेली एर्लिंदा

आमच्या सान हासिंतोच्या बाजारात एर्लिंदाबाई गोर्दिता विकतात. मक्याची जाड भाकरी फोडून आत राजमा नाहीतर मिरचीतलं मटण भरायचं, झालं. माझं मिरच्यांचं दुकान त्यांना लागूनच. बाईंनी सत्तरी ओलांडली, तरी तव्यावरची भाकरी अजून बोटांनीच उलटतात. आणि गाण्यात या बाई पन्नास वर्षांपूर्वीच मेल्यात.

विशीत त्यांचं लग्न फाउस्तिनोशी ठरलं होतं. घोड्यांचा व्यापारी, देखणा, भारी ऐटबाज. लग्न तीन आठवड्यांवर आलं आणि कळलं, की शेजारच्या गावात याची एक बाई आहे आणि दोन लेकरंही. एर्लिंदाबाईंनी अंगठी परत पाठवली आणि वर्षाच्या आत खोगीर शिवणाऱ्या लिब्रादोशी लग्न केलं. फाउस्तिनोला ते झोंबलं. त्याने त्रांकिलिनो गवयाला दारू पाजून गाणं रचून घेतलं: हिरव्या डोळ्यांची बेइमान एर्लिंदा दुसऱ्याच्या घोड्यावर बसून पळाली, प्रियकराने तिला विहिरीपाशी गाठलं आणि तीन गोळ्या घातल्या.

गाणं चांगलं होतं, हीच पंचाईत. जत्रेत, लग्नात, गुत्त्यात, जिथेतिथे तेच. बाई नळावर गेल्या की बायका कुजबुजायच्या. सासूने दोन महिने अबोला धरला. बाई चुलीपाशी बसून रडायच्या.

"गाणं आहे ते," लिब्रादो म्हणाला. "मी काय गाण्याशी लग्न केलंय?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला! तुमचं नाव कुठाय त्यात?"

"नाव नाही, पण घोडा दिलाय की मला! आणि आपल्या दारात साधं गाढव नाही."

कितीतरी दिवसांनी बाई खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्रांकिलिनोच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"गवईबुवा, मी एर्लिंदा. तुम्ही मारलेली."

तो गडबडला. "बाई, ते गाणं आता माझ्या हातात राहिलं नाही हो."

"मग दुसरं करा. त्याची ती बाई, ती पोरं, सगळं घाला."

"अहो, नवरीने अंगठी परत केली, एवढ्यावर कोण रडेल?"

"रडवायचंय कुणाला? हसवा की!"

गाणं पुरं होईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. पुढच्या जत्रेत त्रांकिलिनोने ते म्हटलं. पुरुषांनी तोंडं वाकडी केली, पण बायकांनी उचलून धरलं. कपडे धुताना, कणसं सोलताना त्या तेच म्हणायला लागल्या. सासूला तर तोंडपाठ झालं.

फाउस्तिनोला अखेर त्या दुसरीशी, रेमेदिओसशी, लग्न करावं लागलं. तिनेच त्याला ओढत चर्चमध्ये नेलं म्हणतात. बरीच वर्षं तो आमच्या बाजाराच्या वाटेला फिरकला नाही. मग एका शनिवारी काठी टेकत आला आणि बाईंच्या तव्यासमोर उभा राहिला.

"एर्लिंदा, ते गाणं..."

"आधी खाऊन घे. गार होईल."

त्याने उभ्याउभ्या चार गोर्दिता खाल्ल्या. आता दर शनिवारी बायकोला घेऊन येतो. त्या दोघी बाकावर बसून गुडघेदुखीचं बोलतात, आणि तो लिब्रादोशी डॉमिनो खेळतो. लिब्रादो सोंगट्या लपवतो, मी पाहिलंय. पण मी काही बोलत नाही.